दुष्काळ का पडतो, कसा हटतो
(सभासद शिक्षण : अभ्यासपाठ)



पाऊस लांबला की पारावर एकच बोलणे सुरू होते. "यंदा काही खरं नाही. वरच्यानंच डोळे वटारले, तिथं माणूस काय करणार?" हे बोलणे आपण बापजाद्यांपासून ऐकत आलो आहोत आणि ते निम्मे खरे आहे. पाऊस आपल्या हाती नाही, हे कबूल. पण पाऊस न पडणे निराळे आणि दुष्काळ पडणे निराळे. पाऊस न पडला तर त्याला अवर्षण म्हणायचे. त्या अवर्षणाचा दुष्काळ होऊ द्यायचा की नाही, हे पुष्कळसे माणसांच्या हाती असते. या पाठात आम्ही एवढी एकच गोष्ट आपल्या जुन्नर-आंबेगावचे दाखले घेऊन मांडणार आहोत.

पावसाचा नकाशा काय सांगतो?

भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट ही आपली पश्चिमेची कड. तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. पूर्वेला आणे पठारावर किंवा लोणी-धामणीकडे गेले की तोच आकडा पाचशेच्या आसपास उतरतो. या दोन टोकांच्या मधे नारायणगाव, मंचर, पारगाव हा बागायती पट्टा. आपला ऊस उभा आहे तो इथे.

टंचाई नुसती पावसावर ठरत असती, तर ती पूर्वेला असती आणि पश्चिमेला तिचे नावही नसते. प्रत्यक्षात काय दिसते? पश्चिमेच्या आदिवासी वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत आयाबाया हंडे घेऊन डोंगर उतरतात. आषाढ-श्रावणात बाहेर धो धो पाऊस आणि घरात कणगी रिकामी. भात कापणीला अवकाश, मजुरी बंद, हातात पैसा नाही. याच महिन्यांसाठी सरकारला आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्जाची सोय करावी लागली. आकाशातून पाणी पडत असताना माणूस उपाशी राहू शकतो, याचा दाखला आपल्याच तालुक्यात आहे. तेव्हा पावसाच्या पलीकडची कारणे शोधली पाहिजेत.

दुष्काळाच्या चार पायऱ्या

पाऊस गेला की पहिल्याच दिवशी कोणी उपाशी मरत नाही. संकट पायरी-पायरीने चढते.

पहिली पायरी, काम थांबते. पेरणी नाही, खुरपणी नाही, सुगी नाही. जमीनवाल्याच्या घरात मागील सालचे थोडे दाणे असतात. मजुराचा रोज मात्र त्याच दिवशी बुडतो. सुतार, लोहार, चांभार यांचेही तेच, कारण कुळंब्याचे खळे झाले तरच त्यांना बलुते.

दुसरी पायरी, भाव चढतो. धान्य कमी येणार हे कळताच ज्याच्याकडे आहे तो दाबून ठेवतो. मजुरी बंद झालेली आणि दर दुप्पट. बाजारात धान्याच्या थप्प्या दिसतात, पण घ्यायला खिशात दिडकी नाही.

तिसरी पायरी, पत संपते. सवाई-दिढीने दाणे मिळतात तोवर माणूस कर्ज काढतो. जमीन आधीच गहाण असेल तर सावकार दारात उभा करीत नाही.

चौथी पायरी, घर मोडते. आधी दागिना जातो, मग भांडी, मग बैलजोडी. बैल गेला की पुढल्या साली पाऊस पडला तरी पेरणी कशाने करणार? म्हणून पाऊस परत आला तरी दुष्काळ लगेच जात नाही. माणसे गाव सोडतात आणि एकत्र जमली की पटकी, ताप यांसारखे रोग त्यांना गाठतात. जुन्या दुष्काळांत भुकेच्या जोडीने रोगानेच फार माणसे नेली.

१९४३ साली बंगालमध्ये सुमारे तीस लाख माणसे मेली. त्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात हेच दाखवले की, देशात धान्य किती आहे एवढे पाहून चालत नाही. ते विकत घेण्याची ताकद कोणाकोणाची गेली, हे पाहावे लागते. आपल्या शेतमजुराला हे पुस्तक न वाचताही ठाऊक आहे.

शिवनेरीच्या पायथ्याचा इतिहास

आपला मुलूख फार पूर्वीपासून धान्याच्या वाटेवरचा. नाणेघाटातून माल कोकणात उतरायचा. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे त्या काळचा संघ. शिवनेरीवर आजही धान्याचा अंबरखाना आणि खडकात खोदलेली टाकी पाहायला मिळतात. बऱ्या सालात दाणा आणि पाणी साठवायचे, हा धडा आपल्या पूर्वजांनी दगडात कोरून ठेवला आहे.

पण अंबरखाना गडावर असतो आणि कुणबी गडाखाली. १६३० साली शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. त्याच सुमारास, १६३० ते १६३२ या सालांत, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पाऊस तर गेलाच होता, त्यात मुघल, निजामशाही आणि आदिलशाही फौजांची धावपळ. उभे पीक फौजेने कापावे, साठलेले लुटून न्यावे. लढाई हेही दुष्काळाचे मोठे कारण, हे यावरून ध्यानात घ्यावे.

ओतूर, १८७७

इंग्रजी राज्यातला १८७६-७८ चा दुष्काळ आपल्या भागाने पुरता भोगला. १८७६ चा पाऊस गेला, हे निमित्त. त्याआधीची दहा वर्षे पाहा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला आणि नंतर कोसळला. रोख शेतसारा डोक्यावर होताच. शेतकरी सावकाराच्या वहीत बुडाला. मे १८७५ मध्ये सुपे, शिरूर या भागांत लोकांनी कर्जरोखे हिसकावून जाळले, ते काही उगाच नव्हे. एका वर्षानंतर पाऊस गेला तेव्हा तिसरी पायरी, म्हणजे पत, आधीच ढासळलेली होती.

सरकारने दुष्काळी कामे काढली, पण हात आखडता ठेवला. रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुरीचा हिशेब दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे आजचे साडेचारशे ग्रॅम, आणि वर थोडे पैसे असा बसवला. दिवसभर खडी फोडणाऱ्याला एवढ्यावर कसे भागावे? हजारो मजूर कामे सोडून निघाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळीने, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जावर अर्ज धाडले. धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही हे सरकारचे धोरण होते, म्हणून आपल्याकडे उपासमार असतानाही देशातून धान्य परदेशी जातच होते. त्या दुष्काळात हिंदुस्थानात पन्नास लाखांवर माणसे गेली, असा अंदाज आहे.

याच वेळी सत्यशोधक समाजाने काम उभे केले. पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालले. आणि सावित्रीबाई फुले आपल्या ओतूरला होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी ओतुराहून जोतीरावांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. नद्या-नाले आटले, गुरे पडू लागली, लोक मुले विकून गाव सोडताहेत, असे त्यात आहे. सावकारांच्या पिळवणुकीमुळे दंगा झाला आणि पन्नास सत्यशोधकांना धरण्यात आले, हेही आहे. सावित्रीबाई कलेक्टरला भेटल्या, आमच्या माणसांनी काय गुन्हा केला असे त्यांनी विचारले, माणसे सुटली आणि कलेक्टरने चार गाड्या ज्वारी पाठवून दिली.

हे पत्र प्रत्येक सभासदाने मुलांकडून वाचून घ्यावे, ते दोन कारणांसाठी. एक, ज्वारी कुठेतरी होतीच. ती पोचवायला कोणीतरी जाब विचारावा लागला. दुसरे, मदतीचे पथक आपल्याच गावच्या शेतकऱ्यांचे होते. ओतूरच्या डुंबरे पाटलांचे नावही त्या पत्रात येते. कोणी बाहेरून येऊन वाचवील, याची त्यांनी वाट पाहिली नाही.

त्यातून निघालेला शहाणपणा

इतकी माणसे गेल्यावर सरकारने चौकशी मंडळ नेमले. १८८० च्या अहवालात त्याने मान्य केले की, अवर्षणाने पहिल्यांदा शेतातले काम बंद पडते आणि मजुरीवर जगणारे लोक उघडे पडतात. म्हणून काम व मजुरी देणे हा मुख्य उपाय. त्यावरून दुष्काळसंहिता तयार झाल्या. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला आणि १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा. आज गावच्या सोसायटीत आपण पीककर्जाचा अर्ज भरतो, त्या सोसायटीचे मूळ या दुष्काळांत आणि कर्जरोख्यांच्या होळीत आहे. सहकार हा तिसऱ्या पायरीवर घातलेला बांध आहे, हे विसरू नये.

कायदा कागदावर असून भागत नाही, तेही लवकरच दिसले. १८९६-९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेच्या माणसांनी आणि टिळकांच्या 'केसरी'ने खेड्यापाड्यांत जाऊन सांगितले की, पीक बुडाले असेल तर साऱ्याची सूट हा तुमचा हक्क आहे, तो मागा. मागितल्याशिवाय पदरात पडत नाही, हा दुसरा धडा.

१९७२ : माणसे वाचली कशी?

आता आपल्यातल्या थोरांनी डोळ्यांनी पाहिलेला दुष्काळ घेऊ. १९७० पासून पावसाने ओढ दिली आणि १९७२ साली तर तोंडच फिरवले. १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात अन्नधान्याचे पीक नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आले. जुन्या हिशेबाने लाखो माणसे जायला हवी होती. पण १८७७ सारखे भूकबळी या वेळी पडले नाहीत.

कारण सरळ आहे. सरकारने गावोगाव कामे काढली. बंडिंग, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते, विहिरी, खडी. मे १९७३ मध्ये राज्यात या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती आणि त्यांत बायामाणसे फार मोठ्या संख्येने होती. आठवड्याला हातात पैसा पडे. रेशनवर परदेशची तांबडी ज्वारी, मिलो, मिळे. ती कोणाला गोड लागली नाही, पण पोटाला आधार झाला. लहान मुलांना सुकडी मिळाली. पाऊस नव्हता, पीकही नव्हते. पण पहिली पायरी, म्हणजे काम, ढासळू दिली नाही. म्हणून पुढच्या पायऱ्यांवरून माणसे कोसळली नाहीत.

याच्या मागे वि. स. पागे यांचा विचार होता. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी तासगाव तालुक्यात विसापूर भागात १९६५ च्या सुमारास हा प्रयोग करून पाहिला होता. १९७२ साली त्याची रोजगार हमी योजना झाली. गावातल्या प्रौढ माणसाने काम मागितले की पंधरा दिवसांत द्यायचे, नाहीतर बेकारी भत्ता, असे तत्त्व. पैसा कोठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मुळाशी महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

१९७२ ची सगळीच कामे टिकली असे नाही. फोडलेली खडी पुष्कळ ठिकाणी ढिगानेच पडून राहिली. पण जिथे पाझर तलाव जागा पाहून झाला, तिथल्या विहिरी पुढे उघडल्या. मदतीच्या कामातून पुढचा दुष्काळ अडवणारे काम झाले, तरच तो पैसा सार्थकी लागला म्हणायचा.

याचा चांगला नमुना पुन्हा आपल्या पश्चिमेकडेच आहे. भीमाशंकरच्या डोंगरात आदिवासी बांधवांची पडकई नावाची जुनी रीत आहे. सगळ्यांनी मिळून, आज याच्या तर उद्या त्याच्या उतारावर, दगडी ताली रचून भातखाचर तयार करायचे. आंबेगावात शाश्वत संस्थेने या कामाला रोजगार हमीची मजुरी मिळावी म्हणून खटपट केली आणि पडकईचे काम सरकारी योजनेत बसले. मजुरी मिळाली, माती अडली आणि घरचा भात वाढला. एकाच कामाने तीन पायऱ्या सावरल्या.

आता आपल्या बागायतीचा हिशेब

आपला पट्टा दुष्काळातून सुटला तो कुकडी प्रकल्पामुळे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे झाली. त्यांच्या पाण्यात आदिवासींच्या जमिनी गेल्या. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते जुने आंबेगावही डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. हे पाणी आपल्या दोन तालुक्यांपुरते नाही. शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि थेट करमाळ्यापर्यंतच्या शेतकऱ्यांचा त्यावर वाटा आहे. आणि आणे पठार, लोणी-धामणी ही आपलीच गावे कालवा जवळून गेला तरी उंचावर असल्याने कोरडी राहिली.

आता एक गणित करू. पाटाने भिजवलेल्या उसाला, पावसाचे सोडून, वर्षाला निदान १५० सेंटिमीटर पाणी लागते असे धरू. एका एकराला ते सुमारे ६० लाख लिटर होते. खेड्यातल्या माणसाला घरवापरासाठी दिवसाला ५५ लिटर हे सरकारी माप. भागून पाहा. एका एकर उसाच्या पाण्यात ३०० माणसांचे वर्ष निघते. म्हणजे एक वस्ती.

यावरून ऊस मोडा, असे आमचे म्हणणे नाही. उसाने आपल्या गावात शाळा, दवाखाने, पक्की घरे आणली. पण ज्या साली धरण भरत नाही, त्या साली रात्री कालव्यावर टाकलेली मोटर कोणाच्या हंड्यातले पाणी ओढते, हे गणित प्रत्येकाने मनाशी करावे. १८७७ साली दाणे दाबून ठेवणाऱ्याला आपण सावकार म्हणून नावे ठेवतो. पाणी दाबून ठेवणाऱ्याला पुढची पिढी काय म्हणेल?

आणखी एक गोष्ट. दरवर्षी हंगाम सुरू झाला की बीड, नगर आणि इतर कोरडवाहू भागांतल्या टोळ्या आपल्या फडात येतात. दुष्काळाने घर सोडायला लावलेली माणसेच ती, चौथ्या पायरीवर पोचलेली. त्यांच्या कोपीजवळ पिण्याचे पाणी आहे का, त्यांची मुले कुठे असतात, हे पाहणे हेही दुष्काळनिवारणच आहे. आता रेशनकार्ड असेल त्याला दुसऱ्या गावीही धान्य घेण्याची सोय झाली आहे. ती टोळीला समजावून द्यावी.

शेजारच्यांनी काय केले?

पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम थोडेच, पण कडक. पाणी जमिनीच्या नव्हे तर माणशी हिशेबाने, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि त्या पाण्यावर ऊस नाही. नगरकडे हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा जमाखर्च मांडून पिके ठरवायची पद्धत घातली. आपला पट्टा वेगळा, पाणी जास्त. म्हणून त्यांचे नियम जसेच्या तसे उचलायचे नाहीत. पण पाऊस मोजायचा, साठा मोजायचा आणि मग पीक ठरवायचे, एवढे तरी आपल्याला जमायला हरकत नाही.

सभासदांनी करायच्या गोष्टी

१. पावसाळा संपताच, १५ ऑक्टोबरचा धरणसाठा पाहून ग्रामसभेत पाण्याचा हिशेब मांडावा. आधी पिण्याचे, मग गुरांचे, मग उभ्या पिकाचे, शेवटी नव्या लागणीचे.

२. साठा कमी असेल तर नवी लागण आवरावी. उभ्या उसाला ठिबक, ते नसेल तर एक आड एक सरी पाणी द्यावे.

३. पाचट जाळू नये. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते खोडव्यात सरीआड पसरले की ओल टिकते आणि पाण्याची एखादी पाळी वाचते.

४. टंचाईच्या साली वाढे बांधावर वाळू देऊ नयेत. ज्याच्याकडे चारा नाही, त्याच्या दावणीला पोचवावेत. बैल-गाय वाचली तर घर वाचते.

५. गावात काम नसेल तर मजुरांनी ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी. लिहिता न येणाऱ्याला आपल्यातल्या शिकलेल्याने अर्ज लिहून द्यावा.

६. प्रत्येकाने घरापुरती तरी बाजरी-ज्वारी करावी. साखर विकून दाणे घेता येतात हे खरे, पण भाव चढतो तो नेमका दाण्यांचा.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

एक : आपल्या गावात पाऊस गेला तर पहिला रोज कोणाचा बुडेल? त्या घरांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का?

दोन : आपल्या चारीच्या शेवटच्या टोकाला मागील उन्हाळ्यात पाणी पोचले होते का? नसेल तर ते वाटेत कोठे गेले?

तीन : गावात १९७२ साली झालेली कामे कोणती? त्यांतली आज कोणती चालू आहेत, आणि कोणत्या तलावातला गाळ काढला तर पाणी पुन्हा धरेल?

या तीन प्रश्नांची उत्तरे गटाने लिहून काढावीत आणि पावसाळ्यापूर्वी ग्रामसभेपुढे ठेवावीत. आभाळाकडे पाहायला पुढे दिवस आहेतच.